पाचवा विभाग कोणी बंद केला?

चहाला उकळी फुटायच्या आत भिकूच्या फोनवर एकोणीस गुलाब आले. बारा नुसते, चार दवबिंदूंसकट आणि तीन सुविचारांसकट.

"परसात जास्वंद फुललीय, ती कोन बघीत नाय! आन ही मुंबईची मेली फुलं रोज माझ्या उरावर!" भिकू ओरडला.

"अवो, हळू," रखमा म्हणाली. "फोन बंद नका करू. डोळ्याच्या शिबिराचा निरोप यायचा हाय."

तो निरोप होता म्हणून तर फोन अजून विहिरीबाहेर होता. रखमाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजवा आधीपासूनच अधू. मागचं शिबिर हुकलं. तेव्हापासून तिला दारात नवरा उभा आहे की शेजारीण, हे आवाजावरून ओळखावं लागायचं. सुनीलला, म्हणजे मुंबईतल्या लेकाला, मुलगी झाली होती. मे महिन्यात ती कोंडवाडीला येणार होती आणि नातीचं तोंड नीट दिसावं एवढंच रखमाचं मागणं होतं.

निरोपांचा हा कारखाना काढला गावच्या मुंबई मंडळातल्या विपुलने. पोरगा हुशार, पण हुशार माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्याने गावच्या निरोपांचे सहा विभाग पाडले: एक पाणी, दोन घाटरस्ता, तीन दुःखद, चार वाढदिवस, पाच आरोग्य, सहा सुविचार, गुलाबांसकट. नको तो विभाग मंडळाच्या नंबरवर हुकूम पाठवून बंद करायचा, हवा तो चालू करायचा. स्वतःचा फोन हातात नसला तरी चालेल; ज्याचा विभाग त्याचा नंबर लिहायचा, परवलीचा शब्द टाकायचा, की मुंबईत बसून गावातल्या बापाचे वाढदिवस बंद. यंत्र कोणाला काही विचारत नसे.

परवलीचा शब्द ज्याने त्याने आपला ठेवायचा होता आणि गुप्त ठेवायचा होता. वाडीतल्या चाळीसच्या चाळीस घरांनी 'सोमजाई' ठेवला. आता गावदेवी सोडून दुसरं नाव लिहायची कोणाची छाती? विपुलने कपाळावर हात मारला, पण त्याच्या स्वतःच्या आईनेही तेच केलं होतं.

तर त्या सोमवारी भिकूने फोन नाकाजवळ धरला, 'सोमजाई बंद' लिहिलं, सुविचारांचा आकडा दाबला आणि हुकूम सोडला. 'झाले' असं उत्तर आलं.

मंगळवारी सकाळी पुन्हा एकवीस गुलाब.

"यंत्राला पन मस्ती आली!" भिकू म्हणाला आणि फोन तांदळाच्या डब्यात कोंबला.

बुधवारी सकाळी शेजारच्या जानूची बायको मंजुळा कुंपणावरून म्हणाली, "रखमावैनी, उद्याची तयारी झाली काय गो? आठला गाडी येनार, पिंपळाखाली. महाडला शिबिर हाय ना! काल नाय काय निरोप आला?"

रखमाच्या हातातलं सूप खाली आलं. भिकूने डबा उपसला. तांदूळ अंगणभर झाले. फोनवर गुलाबच गुलाब, शिबिराचं नाव नाही. त्याने तडक विपुलला फोन लावला.

"काका, तुमचा पाचवा विभाग बंद आहे," विपुल म्हणाला. "रीतसर परवलीचा शब्द टाकून बंद केलाय."

"कोनी केलान?"

"हुकूम कुठल्या फोनवरून आला ते बघून सांगतो. आत्ता मीटिंगमध्ये आहे हो."

मीटिंग! इकडे माणसाच्या डोळ्याचा प्रश्न आणि हा मीटिंगमध्ये! पण भिकूला विपुलची गरजच नव्हती. बांधावरचा फणस कोणाचा यावरून तीन वर्षं त्याच्याशी कोण भांडत होतं? सोमजाई कोणाला ठाऊक होती? जानूला!

"जान्या, भायेर ये! माझा पाच तू बंद केलास! माझ्या बायकोच्या डोळ्यावर उठलास रं मेल्या?"

"तुझा पाच? मी तुझ्या फोनावर थुंकत पन नाय!" जानू बनियनवरच धावत आला. "फनस सोड आदी, मग बोल!"

दुपारी भिकूने जानूचे सहाच्या सहा विभाग बंद केले. जानूला ते कळायला वेळ लागला नाही, कारण भिकूनेच अंगणात उभं राहून सांगितलं. मग जानूने भिकूच्या नावाने 'चालू दुःखद, मागचे सगळे पाठव' असा हुकूम सोडला. भिकूच्या फोनवर तीन वर्षांतली माणसं एका तासात पुन्हा वारली. त्यात आपला सासरा वारल्याचं वाचून भिकूचा चुलतभाऊ मोरू रडत सासरवाडीला निघाला. वाटेत आठवलं की त्याचं तेरावं आपण कधीच जेवलोय. मोरूने परत येऊन दोघांचेही विभाग बंद केले. मग जानूच्या मेव्हण्याने मोरूचे. चाळीस घरं, परवलीचा शब्द एक आणि जुनी भांडणं भरपूर. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वाडीत कोणाचाही पाचवा विभाग चालू राहिला नाही.

आणि त्याच संध्याकाळी मंडळाने पाचव्या विभागातून निरोप पाठवला: 'वळणावर खडीचा डंपर कलंडला आहे. गाडी वर येणार नाही. सकाळी सातला खाली डांबरी रस्त्यावर या.' हा निरोप कोंडवाडीत कोणालाच पोचला नाही.

गुरुवारी आठला सगळे पिंपळाखाली धुतल्या कपड्यांत उभे. नऊ वाजता खालून चालत आलेल्या टेम्पोवाल्या पांडूने सांगितलं, "गाडी सातलाच गेली की! तुमी हितं काय करताय?"

पदराने डोळे पुसत रखमा पारावर बसली. ते बघून भिकूला जानूचा, विपुलचा, डंपरचा आणि आपलाही भयंकर राग आला. "ऊठ गो," तो म्हणाला. "तुला पाठीवर नेईन, पन आज डोळा होनार म्हंजे होनार!"

पाठीवर न्यावं लागलं नाही. पांडूचा टेम्पो खाली उभा होता. त्यात रखमा, मंजुळा आणि बाकीचे दाटीने चढले; भिकू आणि जानू गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि महाडपर्यंत एकमेकांकडे बघितलं नाही.

शिबिरात बाई डॉक्टर आवराआवरीला लागल्या होत्या. भिकूचा आवाज ऐकून त्यांनी दोन खुर्च्या परत मांडल्या. त्या रखमाचा डोळा तपासत असताना भिकूचा फोन वाजला. विपुलचा निरोप होता.

"सापडला चोर!" भिकूने फोन जानूच्या नाकासमोर नाचवला. "वाच, तूच वाच मोठ्यानं!"

जानूने वाचलं. पुन्हा वाचलं. "हुकूम तुज्याच फोनावरनं गेलाय. सोमवारी सकाळी. सोमजाई बंद पाच."

"पाच कुठं? सहा हाय तो!" भिकूने फोन हिसकावून नाकाला लावला. "धडधडीत सहा! आंधळा झालास काय रं?"

डॉक्टरबाईंनी बॅटरी रखमाच्या डोळ्यावरून काढली आणि भिकूकडे वळवली.

"काका, तुम्ही इकडे बसा बघू. आधी तुमचाच करावा लागणार."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं महाडच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर, एकेका डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. मंजुळेला नुसता चष्मा लागला. जानूचे डोळे ठणठणीत निघाले, म्हणून सोबतीला तोच राहिला. एव्हाना विपुलने वाडीचे सगळे विभाग पुन्हा चालू केले होते. भिकूचा फोन वाजला.

"बघ रं जानू, काय हाय."

"गुलाब हाय. खाली सुविचार हाय." जानू घुटमळला. "बंद करू काय सहा?"

भिकूने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं. जानू धुरकटच दिसला.

"नको," तो म्हणाला. "वाच."