बिरूतात्यांचे खिळ्यांचे पट्टे

आमचे शेजारी बिरूतात्या बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, मानेकडे बघतात. तलाठी असो की कुणाचा नवा जावई, तात्या डोळे बारीक करून माप घेतात. "साडेपंधरा," ते म्हणतात. "जाड हाय. बिबट्या आधी हितंच धरतो बरं का." जावयाला मग घास उतरत नाही.

राजुरीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, एसटी स्टँडला लागून. तात्यांचा ओटा माझ्या दाराशेजारी. जन्मभर त्यांनी मेंढरं राखली. गुडघे गेले तशी मेंढरं विकली, पण बिबट्यानं मान धरू नये म्हणून राखणीच्या कुत्र्यांसाठी खिळ्यांचे पट्टे करणारा हात काही थांबला नाही. चामडं कापायचं, आतून बाहेर खिळे ठोकायचे, टोकं घासायची. माझी मान मोजायला ते चार वर्षं टपून होते. मी दाद दिली नाही. मापं घेणं हा माझा धंदा आहे.

अशात नारायणगावला कॉलेजात जाणारी माझी लेक प्राजू एके दिवशी गॉथ झाली. गॉथ म्हणजे काळे कपडे, काळे बूट, काळी लिपस्टिक आणि कुणी हसवलं तरी हसायचं नाही. अशी पोरं जगभर आहेत म्हणे. गल्लीतल्या दोघी हळूच "कोण गेलं?" म्हणून विचारून गेल्या. तात्या तेवढे शांत. "आमी जल्मभर काळं घोंगडं पांघारलं. तवा कुणी नाय इचारलं."

पण तिनं ऑनलाइन मागवलेला, गळ्याला घट्ट बसणारा काटेरी चोकर बघून त्यांचा तोल गेला. त्यांनी अंगठ्यानं एक काटा दाबला. काटा वाकला. रबराचा होता.

"ह्यानं बिबट्याला गुदगुल्या व्हतील, पोरी!"

"तात्या, स्टाईल आहे ती."

"त्याला ठावं हाय का?"

चौथ्या दिवशी खरा, लोखंडी खिळ्यांचा पट्टा तयार झाला. प्राजू तो घालून कॉलेजला गेली आणि तिच्या टोळीतल्या सहाजणी तात्यांच्या ओट्यावर हजर झाल्या. तात्यांना गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न ठरलेले. "किती म्हयन्याचं हाय? चावतं का? रातीला बांधता का मोकळं सोडता?" पोरी न हसता उत्तरं देत होत्या. एक म्हणाली "मोकळं". तात्यांनी तिला दोन खिळे जादा ठोकले.

मग एसटीत या सातजणींशेजारी कुणी बसेना. कंडक्टरची बाही एकीच्या गळ्यात अडकली, तो आळेफाट्यापर्यंत तिथंच वाकून तिकिटं देत होता. प्राजूनं दोन उशा फाडल्या. एका वाढदिवसाला दोघींनी मिठी मारली आणि दोघींना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. मी सातही पट्ट्यांना आतून अस्तर लावून दिलं आणि मिठ्या बंद करायला सांगितलं.

संध्याकाळी सहाच्या एसटीला तात्या स्टँडवर उभे राहायचे. बाकीच्या पोरींना पुढं, बिबट्या दडतो त्या उसामधल्या वाटेनं वस्तीवर जायचं असतं. तात्या उतरणारे पट्टे बोटानं मोजायचे. "सात. पुरी हायती." मगच घरी.

दिवाळीनंतर गॉथ संपलं. आता म्हणे सॉफ्ट गर्ल. गुलाबी स्वेटर, केसांत रिबिनी, गळ्यात साटनचा बो. हसायला परवानगी. "पट्टे आउट झाले, तात्या," प्राजूनं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी सात पोरी उतरल्या. तात्यांनी मोजल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. सातही पट्टे घरोघर फिरून गोळा केले होते.

"बाई, गुलाबी साटन हाय का? चिंध्या बी चालतील."

"कशाला?"

ते खाली बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले. "आमचा झिपऱ्या व्हता ना, कुत्रा. धाकटीच्या लग्नात घरच्यांनी त्याचा पट्टा काढला. म्हनले, पावण्यांना टोचंल. लाल रिबीन बांधली गळ्यात. लई गोड दिसत व्हता. मीच म्हनलं, ऱ्हाऊ द्या आजच्या दिस." दोरा काही जाईना. "रिबीन तेवढी घावली. उसात."

मी सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. चामड्यावर माझं मशीन चालत नाही, म्हणून दुपारभर दोघांनी हातानंच शिवलं. पुढं गुलाबी बो, भोवती खिळे. मला तर ते लग्नाला निघालेल्या साळिंदरासारखं दिसत होतं. पोरी मात्र "क्यूट!" म्हणून किंचाळल्या.

सहाची एसटी आली. तात्यांनी बोट वर केलं. "सात. पुरी हायती."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि म्हटलं, "घ्या तात्या, मोजा माझी मान एकदाची."

त्यांनी टेपकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून एक पट्टा काढला. चामडं ठेवून ठेवून काळं पडलं होतं, खिळे मात्र चकचकीत.

"साडेतेरा. चार वर्सं झाली करून."

घालून बघितला. एका बोटाची ढील ठेवली होती. मी ब्लाउजला ठेवते तेवढीच.