चिडलेल्या नागोरावांचा सत्कार

"सात गोल खाल्ले! सात!" नागोरावांनी कप असा आपटला की बशीला तडा गेला.

"तुम्ही नाही ना खाल्ले?" त्यांच्या बायको हेमाताई म्हणाल्या. "मग पोहे खा."

नागोराव म्हणजे कसबा पेठेतल्या एका हॉकी मंडळाचे तीस वर्षांचे प्रेक्षक. मंडळाचा मुलींचा संघ काल सात गोलांनी हरला, आणि त्यात गोलकीपर स्पृहाचा काडीचाही दोष नव्हता. तिचा एक पॅड पार फाटलेला, दुसरा सुतळीने बांधलेला. बॉल लागून पोरीची नडगी काळीनिळी झाली होती. पुढच्या रविवारी हरल्या तर संघ थेट खालच्या गटात जाणार होता. आणि 'संघाची नव्याने बांधणी' म्हणून जमवलेल्या वर्गणीतून मंडळाने काय बांधलं? मैदानाच्या तोंडाशी कमान! वर अध्यक्षांचा हसरा फोटो! नागोरावांच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाच्याही गेली असती.

संध्याकाळी मंडळाची सभा होती. नागोराव तरातरा गेले आणि दारातूनच ओरडले, "अध्यक्ष, पॅडचं काय झालं?"

अध्यक्ष सर्जेराव खडकवासल्याकडचे. गावची जमीन विकून बिल्डर झालेले. ते हात जोडून उठले. "बोला की काका! पर आधी तुमचा सत्कार. तीस वर्षं आमच्या मॅची बघायच्या म्हंजे खायचं काम हाय का?"

टेबलाखाली शालींचा गठ्ठाच होता. त्यातली एक नारळासकट नागोरावांच्या वाट्याला आली. अंगावर शाल पडली की पुण्यातल्या माणसाला ओरडता येत नाही, हे सर्जेरावांना पक्कं ठाऊक होतं. फोटोवाला म्हणाला, "काका, हसा." नागोराव सवयीने हसले आणि मग त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"खड्ड्यात गेला सत्कार! पोरीच्या पायाला पॅड नाहीत आणि तुम्ही शाली कसल्या वाटताय? काही जनाची, मनाची?"

"टाळ्या!" सर्जेराव म्हणाले. "असा परखड माणूस आपल्या मंडळात हाय! परखडपणाबद्दल काकांचा सत्कार!"

दुसरी शाल आली. दुसरा नारळ आला. टाळ्या तर थांबेनातच. नागोरावांनी दोन्ही शाली ओढून टेबलावर भिरकावल्या.

"नकोत मला तुमच्या शाली!"

"बघा!" सर्जेरावांनी सभेकडे हात केला. "याला म्हंत्यात त्याग!"

तिसरी शाल खांद्यावर पडली. भिरकावलेल्या दोन्ही शाली व्यवस्थित घड्या घालून परत त्यांच्याच हातात आल्या. नागोराव मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तीस वर्षांत इतकं हरल्यासारखं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

स्पृहा लंगडत येऊन शेजारी बसली. तिने तिन्ही शालींच्या घड्या एकावर एक ठेवल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या, मग आपल्या नडगीभोवती गुंडाळल्या.

"काका, जाड आहेत हो. एका पायाचं भागलं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून तीनदा चिडा ना, प्लीज."

नागोरावांनी तिच्या दुसऱ्या पायाकडे पाहिलं. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि सगळा हॉल दणाणेल असे गरजले, "अध्यक्ष, लाज वाटते का तुम्हाला?"

सर्जेराव कौतुकाने हसले आणि टेबलाखाली वाकले.