अंगावरून उतरलेलं

सरूआत्यांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. मी ट्रंक ओसरीवर ठेवून उभी होते. त्या आतून आल्या, सरळ माझ्या साडीचा पदर हातात घेतला, दोन बोटांत चुरून बघितला आणि म्हणाल्या, "कापड चांगलं हाय. जुनं कधी व्हायचं?"

साडी आठवड्यापूर्वी घेतलेली होती. शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून वडिलांनी हौसेनं दिलेली. मला बाईंचा रागच आला. पण तिसगावात शाळेजवळ दुसरी खोली मिळेना, आणि बहात्तर सालच्या त्या दुष्काळात घरमालकिणीशी पहिल्याच दिवशी भांडण्याइतकी मी शूर नव्हते.

आत्या विधवा. रानात काही पिकत नव्हतं, म्हणून ओसरीत पाटावर हातमशीन मांडून बसायच्या. पण शिवायच्या फक्त जुन्यातून. कुणी दुकानातलं नवं छीट आणलं की बाजारातल्या शिंप्याकडे बोट दाखवायच्या. "नवं कापड आडमुठं असतं, बाई. त्याला मानूस ठावं नसतं. अंगावरून उतरलेलं कसं, समजूतदार."

आधी ब्लेडचं पातं घेऊन त्या कपडा टाक्याटाक्यानं उसवायच्या. निघालेला दोरा काडीला गुंडाळून ठेवायचा आणि त्याच दोऱ्यानं नवा कपडा शिवायचा. "दोरा तरी नवा घ्या," मी एकदा म्हणाले. "का? दोऱ्यानं काय पाप केलंय?"

याचा परिणाम असा, की गावात कोण कुणाच्या कपड्यात फिरतंय याचा पत्ता लागत नसे. किराणा दुकानदाराचं धोतर माझ्या वर्गात तीन सदरे होऊन बसलेलं असायचं. पुढे माझी एक निळी साडी अशीच आत्यांच्या तावडीत सापडली आणि दुसरीतल्या दोघी बहिणी तिचे झगे घालून आल्या. त्यातली धाकटी महाद्वाड. पण तिला रागवायला उठले, की आपल्याच पदराला रागावतोय असं वाटून मी खाली बसायचे. पोरगी बरोबर ओळखून होती.

हेडमास्तरांच्या कोटाची तर वेगळीच तऱ्हा. वरून विटलेला तो कोट आत्यांनी उसवला आणि आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवला. कोट नवा दिसू लागला, फक्त छातीचा खिसा डावीकडचा उजवीकडे गेला. हेडमास्तरांचा हात काही ते मानेना. हजेरी घेताना पेनासाठी हात डाव्या छातीवर जायचा आणि तिथंच थांबायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी काळजीनं विचारलं, "छातीत दुखतंय का?" हेडमास्तर आत्यांकडे तक्रार घेऊन आले, तर आत्या म्हणाल्या, "कोटाचं बराबर हाय, गुरुजी. हाताला सांगा."

अशा या बाईला एकुलती एक मुलगी, कौशी. तिला दिली होती पार अकोल्याकडे, डोंगरात. आमच्या नगर जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. दोन ठिकाणी एस.टी. बदलून जावं लागे. कौशीचं नाव आत्या फारसं घेत नसत. पण गल्लीतून कुणी नगरला निघालं, की उगाच विचारायच्या, "अकोल्याकडं न्हाई ना जायाचं?" नगरहून अकोलं किती लांब हे त्यांना चांगलं माहीत होतं.

कौशीला दिवस राहिल्याचं कळलं आणि आत्यांचं मशीन दिवसभर चालू लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आणि बाळंतविडा, म्हणजे बाळाची अंगडी, टोपडी, कुंची, दुपटी, हे आईनं करायचं. जन्मल्या जिवाला नवं कापड टोचतं, म्हणून जुन्याचंच करतात. आत्यांनी त्यापुढे जाऊन ठरवलं, की पहिलं अंगडं गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या धोतराचं करायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागेल.

सगळ्यांत म्हातारे भागुजीबाबा. ते धोतर सोडायला तयार होईनात. "माझं आयुष्य लेकराला दिल्यावर मी काय करू?"

"समदं कुठं मागतीय? अर्धंच द्या."

पारावर तास दीड तास घासाघीस झाली. शेवटी बाबांनी अर्धं धोतर दिलं आणि उरलेलं अर्धं नेसून पुढचे सहा महिने गुडघे उघडे टाकून हिंडले. कुणी हसलं, की म्हणायचे, "कौशीच्या पोराला इचार, माझं अर्धं धोतर कुठं हाय."

आणि मग जावयाचा निरोप आला. पाथर्डीच्या बाजाराला आलेल्या एका पाहुण्यानं सांगितला. "तुमच्याकडं प्यायला पानी न्हाई. बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालनार? इथं धरनाचं पानी हाय. कौशीला पाठवत न्हाई."

निरोपात खोट काढायला जागा नव्हती. पण आत्या पेटल्या. त्या दिवसापासून टँकर आला, की त्या सगळ्यांच्या पुढे. स्वतःची आंघोळ बंद. घरातल्या घागरी भरल्या, मग धान्याचे रिकामे रांजण भरले, मग माझी बादली कधी गेली ते मला कळलं नाही. प्रत्येक भांड्याला कोटाच्या जुन्या अस्तराचं झाकण, कडेला नाडी ओवलेलं. मी पाय धुताना चार थेंब जास्त सांडले, की मशीन थांबायचं. ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. "आता म्हनू दे पानी न्हाई म्हनून," आत्या म्हणायच्या.

आठवा महिना लागला तशा त्या बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन लेकीला आणायला निघाल्या. मी एस.टी.त बसवून दिलं. शेजारची जागा त्यांनी गाठोडं ठेवून अडवली होती. म्हणाल्या, "आत्तापासूनच धरून ठिवते. येताना दोघी येनार."

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, एकट्या. ओठ सुकून फुटलेले. मी तांब्या पुढे केला तर एका दमात रिकामा केला, मग दुसरा. नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं त्या मानत. म्हणून धरणाच्या गावात एक दिवस आणि एक रात्र राहून त्यांनी थेंब घेतला नव्हता.

"काय म्हणाले ते लोक?"

"वाईट कोन न्हाई बोललं. विहिनीनं लई आगत केली. जावई म्हनले, आत्याबाई, रांजनातलं पानी किती दिस पुरंल?" तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "खरंच हाय ते. पोर सुकली न्हाई तिथं. गाल भरल्यात."

गाठोडं तिथंच ठेवून आल्या होत्या. येताना पिशवीत फक्त एक विटकं लुगडं होतं. कौशीच्या अंगावरचं मागून घेतलेलं. त्यांनी ते मांडीवर पसरलं आणि बोटं फिरवत राहिल्या. "हितं बघा, डाव्या कमरंला इरलंय. अजून डावीकडंच घागर घेती." मग बोटं एका ठिगळावर थांबली. हातशिलाईचं ठिगळ, टाके वेडेवाकडे, एक लांब तर एक आखूड. "किती शिकवलं, पन हिला सरळ टाका आला न्हाई."

मला वाटलं, आता पातं निघणार. मी विचारलंही, "कुंची करणार का याची?" त्यांनी मान हलवली आणि लुगडं घडी घालून आत नेलं. त्या माउलीचं दुःख मला त्या क्षणी इतकं लागलं, की मी चूल पेटवायची विसरून तशीच बसले.

सकाळी ओसरीत गलका ऐकू आला. दार उघडलं, तर गल्लीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या आणि आत्या रांजणांची झाकणं सोडून एकेकीला पाणी ओतून देत होत्या. अंगावर कौशीचं लुगडं होतं. ते ठिगळ बरोबर पुढे, मांडीवर आलेलं. एक बाई न राहवून म्हणाली, "आत्या, लोकांचं मशीनवर शिवता आन सोताचं हे असलं? तेवढं उसवून नीट करा की."

आत्यांनी घागर भरून तिच्या कमरेवर ठेवली. ठिगळ तळव्यानं नीट बसवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "लेकीनं लावलंय."