बाईंचं पहिलं निवेदन

रेडिओ केंद्रातल्या निवेदिकाबाई त्या संध्याकाळी निवृत्त होणार होत्या, आणि निरोपाच्या वेळी त्यांचं पहिलंवहिलं निवेदन ऐकवतो, असं कमांडर सगळ्यांसमोर बोलून बसला होता. ते रेकॉर्डिंग कुठे आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. कमांडर म्हणजे केंद्राचा संगणकवाला. माउसला हात लावणं तो कमीपणाचं समजे आणि सगळा कारभार काळ्या पडद्यावर कमांडा टाइप करून हाके, म्हणून हे नाव.

बाईंच्या आवाजात त्याचा जीव गुंतलेला होता. लहानपणी त्याला शाळेला उशीर होतोय की नाही, हे त्याची आई घड्याळाकडे न बघता बाईंच्या निवेदनावरून सांगायची. पुढे आई गेली. बाईंचा आवाज रोज सकाळी येत राहिला. आता तोही थांबणार, या विचाराने त्याला काही सुचत नव्हतं.

त्याने जुन्या मशीनवर शोधाची कमांड लिहिली. अगदी मुळापासून सुरू कर आणि बाईंचं नाव असलेली प्रत्येक फाइल काढ. एंटर दाबून गडी फुलं आणायला निघून गेला.

आता, या कमांडला 'एक्सडेव्ह' एवढा एक शब्द जोडला की शोध आपल्या डिस्कपुरता राहतो. नाही जोडला, तर मशीनला ज्या ज्या परक्या डिस्का जोडल्या असतील त्या सगळ्यांत तो बिनदिक्कत घुसतो आणि त्यांना दुसरं काही करू देत नाही. कमांडर हे शिकला त्या काळी मशीनला डिस्क एकच असायची, तेव्हा शोधाला भटकायला जागाच नव्हती. मधल्या वर्षांत त्याने स्वतःच त्या मशीनला बातम्यांची डिस्क जोडली, प्रसारणाची जोडली. बोटांना मात्र हे कोणी कळवलं नव्हतं.

तो परतला तेव्हा ध्वनितंत्रज्ञ दारातच उभा होता.

"काय चालवलंयस तू? हवेवरचं गाणं अडकलंय. दुसरं लावावं तर उघडत नाही."

"साधा शोध लावलाय."

"कुठे?"

कमांडरने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "सगळीकडे," तो म्हणाला.

"मग थांबव ना."

"थांबवतोय. ऐकत नाहीये."

तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेब आले. "बातम्याही उघडत नाहीयेत म्हणे. वायर ओढून काढू का?"

"साहेब, हात नका लावू. आत्ता निम्मं बंद आहे, मग सगळंच बसेल."

भिंतीवरच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. "गाणं आज हट्टाला पेटलंय. पेटू दे. तोवर मी बोलते."

आणि बाई बोलत राहिल्या. पहिल्या दिवशी माइक बंद आहे असं समजून त्यांनी पाणी मागितलं होतं. पुढे आठवडाभर पाणी मिळालं का, अशी श्रोत्यांची पत्रं येत होती. "आमच्या कमांडरला ते निवेदन हवंय," त्या म्हणाल्या. "शोधू नकोस रे. तेव्हा टेपांची चणचण. वापरलेली पुसायची आणि पुन्हा भरायची. माझ्या पहिल्या निवेदनावर मीच हवामानाचा अंदाज भरलाय."

कॉरिडॉरमध्ये सगळं केंद्र जमलं होतं. साहेब चष्मा पुसत होते. कमांडरने कीबोर्डवरचे हात केव्हाच काढून घेतले होते. बाईंचं बोलणं संपता संपता शोधही आपणहून संपला. सगळं केंद्र पालथं घालून त्याने आणलं काय, तर बाईंचा रजेचा एक जुना अर्ज.

"पहिलं जाऊ दे," साहेब म्हणाले. "आत्ताचं हे रेकॉर्ड झालंय ना? हेच वाजवू संध्याकाळी."

हवेवर जाणारं सगळं आपोआप एका डिस्कवर साठत असे. कमांडर सरसावून बसला. या वेळी 'एक्सडेव्ह' घातलं, पुन्हा वाचून पाहिलं आणि मगच एंटर दाबलं. शोध शहाण्यासारखा तेवढ्याच डिस्कवर फिरला आणि हात हलवत परत आला. मघाच्या गोंधळात रेकॉर्डिंगनेही मान टाकली होती.

बाई स्टुडिओतून बाहेर आल्या. "सापडलं का रे काही?"

"नाही, बाई. पहिलं नाही आणि आजचंही नाही. माझ्यामुळे गेलं." त्याने आणलेली फुलं बाईंच्या हातात दिली. "उद्यापासून मी ऐकू काय?"

बाईंनी त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "अरे, मी रिटायर होतेय, मुकी नाही. फोन कर की."

कमांडरने इतकी वर्षं हा आवाज ऐकला, पण फोन करून त्याच्याशी बोलताही येतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.