सारसोळ्यातले नऊ चौकोन

बुधवारी सकाळी सात वाजता रुतिकाने सारसोळ्यात, जेट्टीमागे जाळी सुकवतात त्या मोकळ्या जागेत पहिली खुंटी ठोकली. आठच्या सुमारास सुतळी ताणून ए-एक ते सी-तीन असे नऊ चौकोन तयार झाले. दुपारी जेवायच्या आत खड्डाही होईल, असं तिने घरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

रुतिका बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मायनर म्हणून मैत्रिणींनी बँकिंग घेतलं, हिने पुरातत्त्व. प्रॅक्टिकल सोपं होतं. चौकोन आखायचे, त्यातल्या एकात हातभर खोदायचं, मातीचे थर नोंदवायचे आणि शनिवारी सगळं सादर करायचं. हिवाळ्यात खऱ्या उत्खननाला कोण जाणार, ते यावरच ठरणार होतं. रुतिकाने त्यासाठी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती.

शेवटी तिने विभागातून आणलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा मधोमध रोवला. चूक झाली असेल तर ती इथे.

गावठाणात असा दांडा लोकांनी एकाच कामासाठी पाहिला होता. दांडा येतो, मोजणी होते, ज्याचं काही उभं असतं त्याचं जागेला नाव लागतं. ज्याचं काहीच उभं नसतं तो पुढे जन्मभर चपला झिजवतो.

खाडीवरून परतणारे नामदेवकाका बादली घेऊन थांबले.

"काय गो, मोजनी?"

"नाय काका, कॉलेजचं काम आहे. उत्खनन."

"म्हंजे?"

"इथे आधी कोण राहत होतं, त्याचा पुरावा शोधायचा."

काकांनी एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"आनि तुला गप बसाय सांगितलंय."

"कोणी?"

"बरोबर. नको सांगू," म्हणाले आणि बादली तिथेच ठेवून लगबगीने गेले.

रुतिका घरी चहा पिऊन, खुरपं घेऊन परतली. ए-एक चौकोनात गोजरामावशीचं खुराडं आलं होतं. ए-तीनमध्ये बूड गेलेली होडी. बी-दोनमध्ये नामदेवकाकांचा निळा ड्रम, दुकानाचं स्टिकर अजून अंगावर.

"मावशी, खुराडं हलवा ना."

"कोंबडी खुडूक हाय गो. हलवली तं अंडी वाया जातील."

"मला फक्त एकाच चौकोनात खोदायचंय. बाकीचे आहेत तसेच राहतील."

तिने हे सगळ्यांचा जीव शांत व्हावा म्हणून सांगितलं. एक सोडून उरलेले चौकोन तासाभरात भरले. एकात तुळस आली, एकात बंद पडलेली स्कूटर. संध्याकाळी दूधवाल्याला कोणीतरी सांगत होतं, "उद्यापासून अर्धा लिटर सी-एकला टाक."

गुरुवारी तिने पुरातत्त्व शिकवणाऱ्या शर्मिला मॅडमना बोलावून घेतलं. सरांचं, मॅडमचं लोक ऐकतात, असा तिचा समज होता. मॅडम आल्या त्या गळ्यात कॅमेरा आणि काखेत फाइल घेऊन. गावाने त्यांना खुर्ची दिली, शहाळं दिलं.

"इथली वस्ती किती जुनी असेल?" मॅडमनी मनापासून विचारलं.

"बापजाद्यांची," नामदेवकाका म्हणाले. "यो ड्रम तवापासून हितंच हाय."

मॅडम ड्रमकडे बघत राहिल्या. मग फोटो काढायला उठल्या. रुतिका घाईने तुळस बाजूला घेऊ लागली, तशी वर्गात शंभरदा सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडून सवयीने निघाली.

"रुतिका, काही हलवायचं नाही. प्रत्येक वस्तू आहे त्या जागी राहू दे. आधी नोंद."



"आयकलं ना?" गोजरामावशी म्हणाली. "हापिसरबाय बोलली."

मॅडमना जेट्टीवरची ताजी कोळंबी बांधून मिळाली. नको नको म्हणत त्यांनी ती घेतली आणि जाताना रुतिकाला बाजूला घेऊन सांगितलं, "तारीख वाढवता येणार नाही. एक तरी चौकोन खोद." तासाभरात बी-दोनमध्ये विटांचा टेम्पो रिकामा झाला.

आता मोकळा होता तो फक्त सी-तीन. कांदळवनाला लागून, चिखलाचा, कोणालाच नको असलेला. शुक्रवारी उजाडताच रुतिका खुरपं, टेप, थरांचे रंग जुळवायचा तक्ता घेऊन पोहोचली.

सी-तीनमध्ये खाट होती. खाटेवर तिची आजी चंद्राबाई जवळा निवडत बसली होती.

"आजी, ऊठ. मला इथे खोदायचंय."

"दुसऱ्याचे चौकोनात खोद."

"दुसऱ्यांचे भरलेत."

"मंग? त्यांनी भरले आनि आपन बघत रावायचं?"

"अगं, मोजणी नाहीये ही. मीच आखलंय हे सगळं. माझ्या मार्कांसाठी."

"मला म्हायती हाय," आजी शांतपणे म्हणाली. "तूच आखलंस, म्हंजे पयला हक्क आपला. यो चौकोन तुजे लग्नाला."

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत नऊपैकी एकाही चौकोनातून मूठभर माती निघालेली नव्हती. सादर करायची तारीख शनिवारचीच होती. आजीने ताडपत्री मागवली होती.