बटाटा बुडालाच पाहिजे

"बटाटा बुडाला, गुरुजीऽऽ!" चौथीचा वर्ग एका सुरात ओरडला.

"अरे, पण मी अजून सोडलाय कुठे पाण्यात?" हातातला बटाटा नाचवत जयराम पगारे गुरुजी खेकसले. "आधी बघायचं, मग बोलायचं! किती वेळा सांगू?"

तालमीचा हा चौथा दिवस होता. विस्तार अधिकारी खैरनार साहेब तपासणीला येणार, येणार म्हणत तीनदा यायचे राहिले होते. साहेब नवे होते आणि विज्ञानाचे होते. 'पदार्थांचे गुणधर्म प्रत्यक्ष प्रयोगातून शिकवलेले पाहू' असं त्यांनी पत्रातच कळवलं होतं. ते पत्र वाचल्यापासून गुरुजींची झोप उडाली होती. सात वर्षं सुरगाण्याच्या डोंगरात काढून, अर्जावर अर्ज करून, ते गेल्याच वर्षी नाशिक रोडजवळच्या या शाळेत आले होते. बायकोला, चांगुणाला, नुकतीच दवाखान्यात आयाची नोकरी लागली होती. साहेबांनी वाईट शेरा मारला की मास्तर पुन्हा डोंगरात, हे गणित तालुक्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं.

प्रयोगासाठी गुरुजींच्या मनात खरं तर अंडं होतं. पण हेडमास्तर बोराडे गुरुजी माळकरी. अंड्याचं नाव काढताच त्यांनी कानांवर हात ठेवले.

"शाळेच्या उंबऱ्याच्या आत? पगारे, शाळा आहे की खाणावळ?"

"मग कांदा घेतो. कांदा तरंगतो, तेवढं तरी दाखवता येईल."

"चातुर्मास चालू आहे. वाससुद्धा नको मला."

"सर, मुलं खाणार नाहीयेत. पाण्यात टाकणार आहेत."

"बटाटा घ्या. बटाट्याला कुणाचीच हरकत नाही."

तेव्हा बटाट्यावर तडजोड झाली. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, चार मुठी मीठ विरघळवलं की तोच बटाटा वर येतो. प्रयोग साधा, सरळ आणि उपवासाला चालणारा होता. पोरांनी कुठल्या वेळी काय ओरडायचं तेही गुरुजींनी घोटून घेतलं होतं. फक्त मागच्या रांगेतल्या झुंबरला तोंड उघडायची बंदी होती. ती पोरगी प्रत्येक गोष्टीत 'का हो गुरुजी?' विचारायची, आणि तपासणीच्या दिवशी 'का' म्हणजे घात.

तालीम संपली की गुरुजी शाळेच्या शिपाईण चंद्रभागाबाईंना सांगायचे, "हे पाणी फेकून द्या." चंद्रभागाबाई मान डोलवायच्या, आणि पाणी नेऊन कोपऱ्यातल्या वापरात नसलेल्या माठात ओतायच्या. मीठ सांडलं तर वर गेल्यावर डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावं लागतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. चार मुठी मीठ पापण्यांनी वेचायची त्यांची तयारी नव्हती. या कारभाराचा गुरुजींना मात्र पत्ताच नव्हता.

पाचव्या दिवशी साहेब न कळवताच उगवले. आधी शेजारच्या तिसरीत डोकावले. तिथे सोमा गुरुजी पोरांना पाढे म्हणायला लावून खुर्चीत डुलक्या घेत होते. साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं आणि चौथीत येऊन बसले. मागोमाग हेडमास्तरही येऊन उभे राहिले.

"चंद्रभागाबाई, प्रयोगाचं पाणी आणा!" गुरुजींनी हाक दिली.

प्रयोगाचं पाणी कुठे असतं ते चंद्रभागाबाईंना चांगलंच माहीत होतं. माठातून तांब्या भरून त्यांनी तत्परतेने आणून दिला. गुरुजींनी काचेची बरणी भरली, घसा खाकरला आणि बटाटा सोडला. बटाटा टुणकन वर आला.

"बटाटा बुडाला, गुरुजीऽऽ!" वर्ग ओरडला.

 गुरुजींनी बोटाने बटाटा खाली दाबला. बोट काढताच तो पुन्हा वर येऊन संथपणे गोल फिरू लागला.

"बटाटा बुडाला, गुरुजीऽऽ!" पोरांनी पुन्हा इमानाने सांगितलं.

"बुडाला?" साहेबांनी चष्मा वर केला.

"साहेब, हा... हा बटाटा किडका असेल. दुसरा घेतो."

दुसराही तरंगला. तिसरा तर जास्तच वर राहिला. प्रत्येक वेळी पोरं तो बुडाल्याचं छातीठोकपणे सांगत होती. 'गप्प बसा रे मेल्यांनो,' गुरुजी मनातल्या मनात ओरडत होते. आजवर ही पोरं एकदाही सांगितल्याप्रमाणे वागली नव्हती, आणि वागायला त्यांनी नेमका आजचा मुहूर्त काढला होता! गुरुजींच्या डोळ्यांपुढे सुरगाण्याची एस.टी. उभी राहिली.

"तुमच्या डोळ्यांना काय दिसतंय रे?" साहेबांनी पोरांना विचारलं. पुढच्या रांगेने घाबरून गुरुजींकडे पाहिलं. तेवढ्यात मागून झुंबर उभी राहिली.

"सायेब, त्यो बुडाला नाय. तरंगतोय."

"बस खाली!" गुरुजी ओरडले.

"थांबा," साहेब म्हणाले. "का तरंगतोय, बाळ?"

"गुरुजीच म्हनले व्हते, गोड्या पाण्यात बटाटा बुडतो अन् खाऱ्या पाण्यात तरंगतो. आता त्यो तरंगतोय, म्हंजी पाणी खारं हाय. चाखून बघा की."

हेडमास्तर तत्परतेने पुढे झाले. शाळेची अब्रू त्यांच्या जिभेवर येऊन ठेपली होती. पेला भरून त्यांनी मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे पांढरे झाले, गळ्यातली माळ दोनदा वरखाली झाली, पण घोट त्यांनी गिळला.

"गोड आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अगदी... गोड."

"द्या बघू इकडे," साहेबांनी घटाघटा दोन घोट घेतले आणि खिडकीकडे धाव घेतली. बाहेर बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत होता. गुरुजी फळ्याला टेकून उभे राहिले. संपलं सगळं, आता सामान बांधायचं.

साहेब परत आले ते डोळे पुसतच. ठसका आवरत त्यांनी गुरुजींचा हात हातात घेतला.

"पगारे, मानलं तुम्हाला! मुद्दाम खारं पाणी घेतलंत. मुलं पाठांतर करतात की विचार करतात, ते तपासायला! बावीस वर्षांच्या नोकरीत असा पाठ नाही पाहिला मी."

"नाही साहेब, ते पाणी..."

"विनय पुरे. मुख्याध्यापकांचीसुद्धा परीक्षा घेतलीत तुम्ही!" असं म्हणून साहेबांनी हेडमास्तरांकडे असं पाहिलं, की ते पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

महिन्याभराने गुरुजींचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. त्याच संध्याकाळी त्यांच्या हाती ऑफिसचा कागद पडला. घरी चांगुणा नारळ हातात धरून कौतुकाने बघत होती.

"कागदात काय लिहिलंय हो? बढती का?"

गुरुजींनी कोरड्या आवाजात वाचलं, "'असा प्रयोगशील शिक्षक नाशिक रोडसारख्या सोयीच्या ठिकाणी अडकून पडणे योग्य नाही. त्यांच्या ज्ञानाचा लाभ दुर्गम भागास मिळावा. सबब त्यांची बदली सुरगाणा येथे...'"

नारळ चांगुणाच्या हातातून पलंगावर पडला.

"आणि ते डुलक्या घेणारे सोमा गुरुजी?"

"त्यांच्या कामात सुधारणेस वाव आहे म्हणे. म्हणून पाच वर्षं साहेबांच्या नजरेसमोर, इथेच ठेवायचंय."

चांगुणाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं शिकवायला?"

आपण त्या दिवशी काहीच शिकवलं नव्हतं, हे गुरुजींना आता बायकोलासुद्धा सांगवेना.