सीतादहीची उसनी बोंडं

"उद्या सीतादही," इंदुताईंनी जाहीर केलं आणि सदाशिवरावांचा घास हातातच राहिला. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात ठेवून फुटलेल्या बोंडांची पूजा करायची, ही घरची रीत. पूजेला त्यांची हरकत नव्हती. पण शेतात फुटलेलं बोंडच नव्हतं!

कपाशीची पऱ्हाटी मात्र बघत राहावी अशी. हिरवीकंच, डोक्याच्या वर गेलेली. घरचं सगळं वर्ष तिच्यावर, आणि झाडाला एखाददुसरं बोंड, तेही मिटलेलं. कृषी शिकलेल्या लेकीनं, निकितानं, आधीच बजावलं होतं, "बाबा, युरिया ठरला तेवढाच टाका. नत्र जास्त झालं की झाड नुसता पाला वाढवते, बोंडं मागं पडतात." त्यावर इंदुताईंनी नवऱ्याकडे बघून डोळेही वटारले होते. पण शेजारच्या हरिसिंगची पऱ्हाटी रस्त्यावरून जरा जास्त हिरवी दिसली आणि सदाशिवरावांना राहवलं नाही. युरियाच्या खोलीची आपली चावी हरवली असं सांगून त्यांनी गुपचूप आणखी एक डोस दिला होता.

सकाळीच इंदुताई चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला म्हणून निघाल्या. सदाशिवराव तडक हरिसिंगच्या दारात.

"चार फुटलेले बोंडं दे गा. झाडाले बांधतो."

"अन् ताईनं वळखलं तं?"

"मंग मले वाघानं खाल्लेलं बरं!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. नाल्यात वाघाच्या पंजाचे ठसे दिसल्याला आठवडाही झाला नव्हता.

पऱ्हाटीत शिरले तेव्हा हातभर पुढचं दिसेना. कसंबसं चौथं बोंड बांधलं, तेवढ्यात समोर सळसळ झाली. थांबली. पुन्हा झाली, जवळ आली. सदाशिवरावांनी मागं वळून पाहिलं. पळायचं तरी कुठे? रान त्यांनीच वाढवलं होतं. "चिंतामणी, पुन्हा युरियाले हात नाई लावत," ते पुटपुटले आणि डोळे मिटून घेतले.

"अगं माय!" वाघ किंचाळला.

समोर इंदुताई उभ्या होत्या. एका हातात दोरा, पदरात फुटलेली बोंडं.

"तू कळंबले गेलती ना?"

"तुमी काहून आले अथी?"

दोघंही एकमेकांच्या हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिले. शेवटी इंदुताईच रडवेल्या झाल्या. "मीनं युरिया टाकला जी. तुमी बाभुळगावले गेलते तवा. मले वाटलं, तुमी भित्रे, कमीच टाकला असन. हे बोंडं हरिसिंगच्या रुपीबाईनं देल्ले."

"अवं, मीनंही दुसऱ्यांदा टाकला!"

"म्हंजे तीनदा?" इंदुताई मटकन खाली बसल्या. "अन् निकिता दुपारच्या गाडीनं येऊन राह्यली!"

आता दोघांना वाघाचीही आठवण राहिली नाही; पदरातली बोंडंही त्यांनी घाईघाईनं त्याच झाडाला बांधली.

दुपारी पूजा झाली. हरिसिंग आणि त्याची बायको रुपीबाई दहीभाताला आले. निकिता पऱ्हाटीची पानं उलटून बघत होती आणि आईबाप तिचं तोंड. तेवढ्यात रुपीबाईनं झाड न्याहाळलं.

"इंदुताई, म्या तं चारच बोंडं देल्ले होते. हे आठ कशे झाले?"

हरिसिंगला ठसका लागला. निकितानं एका बोंडाचा दोरा सोडला, दुसऱ्याचा सोडला.

"बोंडं येतील," ती शेवटी म्हणाली, "पण उशिरा. आता एक दाणाही टाकायचा नाही. युरियाच्या खोलीची चावी द्या."

सदाशिवरावांनी खिशातून चावी काढली. इंदुताईंनीही कमरेची काढली.

"अवं, तुह्याजवळची हरवलती ना?" सदाशिवरावांनी विचारलं.


"तुमच्याजवळचीही हरवलतीच," इंदुताई म्हणाल्या.